असईच्या लढाईला लॅमिनेशन

"ताई, खराब होऊ नये म्हणून कालच झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं. बराबर केलं ना?"

सलीमभाईंनी चित्र टेबलावर ठेवलं. प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चकाकली. मी डोक्याला हात लावला.

सलीमभाईंचं वसमतला कापडाचं दुकान आहे. तिथे त्यांच्या अब्बांनी टांगलेलं असईच्या लढाईचं हे विलायती चित्र. तोफा, घोडे, एक हत्ती. एका संग्रहालयाने ते मागितलं होतं. खालच्या पाटीवर अब्बांचं नाव लागणार होतं. अट एकच, चित्र अस्सल एचिंग असावं. तपासायला सोमवारी तिथल्या मॅडम येणार होत्या. त्याआधी डाग काढायला ते हिंगोलीला माझ्याकडे आले होते. मी जुने कागद दुरुस्त करते.

"कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"सांगायला कशाला पायजे? सातबारा केला, पोरीची मार्कशीट केली. हेच राहिलं होतं."

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर रेघा आम्लाने कोरतात. खाचांत शाई भरून पत्रा ओल्या कागदावर दाबतात. पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब कागदात कायमचा उमटतो. तो प्लेटमार्क. साध्या छपाईत तो नसतो, म्हणून तपासणारे आधी तोच बघतात. मशीनच्या गरम रोलरखाली नेमका तोच सपाट झाला होता. अस्सलपणाच्या खुणेवर या कापडवाल्याने प्रेमाने इस्त्री फिरवली होती.

"निघंल ना, ताई?"

"प्लॅस्टिक निघेल. सोबत शाई निघाली तर मी काही करू शकत नाही."

"मग अब्बांचं नाव?"

मी मास्क चढवला.

सॉल्व्हंटचा कापूस ठेवायचा, डिंक सैल झाला की बोटभर प्लॅस्टिक उचलायचं. असे दोन दिवस. वासाने डोकं भणभणत होतं, त्यात दर तासाला फोन.

"घोडे हायत ना?"

"आहेत."

"अन् हत्ती?"

"फोन ठेवा, सलीमभाई."

आभाळाचा एक तुकडा प्लॅस्टिकबरोबर गेलाच. बाकी सगळं वाचलं. राहिला प्लेटमार्क. चिंध्यांपासून केलेला जुना कागद हळूहळू ओलावला, की फुगून पुन्हा जुन्या आकाराकडे जातो. कधी कधी. रविवारी दिवसभर तो ओलसर टिपकागदांत ठेवला. संध्याकाळी बोट फिरवलं. तीन बाजूंना कडा लागली. चौथी आलीच नाही.

सोमवारी मॅडमनी माझ्याच टेबलावर टॉर्च आडवा धरून कडा पाहिल्या.

"तीन बाजू पुरेशा आहेत. अस्सल आहे. पण आभाळाला काय झालं?"

मी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाई पंख्याकडे बघत होते.

चित्र स्वीकारलं गेलं. पंधरा दिवसांनी सलीमभाई पेढे आणि संग्रहालयाचं पत्र घेऊन आले. पत्रात अब्बांचं पूर्ण नाव होतं. मी पत्र हातात घेतलं. ते गुळगुळीत लागलं.

"सलीमभाई!"

"काहून चिडता? चित्राला करू नका म्हणलं होतं तुमी. हे तर पत्र हाय."

तेव्हापासून नवीन ग्राहकाचा फोन आला, की कागद कसला, किती जुना, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, झेरॉक्सचं दुकान घरापासून किती लांब आहे.