मेथीची जुडी

भाजीवालीने मेथीची जुडी वीसला सांगितली, तेव्हा सवयीने मी दहा म्हणालो. तिने लगेच जुडी माझ्या पिशवीत टाकली. "घ्या आजोबा. तुमच्यासंगं काय घासाघीस करायची?"

माझ्या आधी आलेल्या गिऱ्हाईक बाईशी ती चांगली कडाकडा भांडली होती. "परवडत नसंल तर राहू द्या," असंही तिला सुनावलं होतं. मला मात्र दहाला जुडी मिळाली, आणि मी चिडलो.

हळदीच्या बाजारात माझं आयुष्य गेलं. तिथे रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरायचा. तोंडाने घरच्या गप्पा चालायच्या आणि खाली समोरच्याची बोटं माझ्या बोटांशी झगडायची. आता पेढीवर मुलगा बसतो. "बाबा, तुम्ही आराम करा," म्हणतो. मी काही सुचवलं की मान डोलावतो आणि स्वतःला हवं तेच करतो. पूर्वी वाद तरी घालायचा. ती डोलणारी मान मला अजून सलते. म्हातारपणासाठी मी घर बांधलं, चार पैसे बाजूला ठेवले. माझ्याशी झगडणारं कुणी लागेल, हे मात्र सुचलं नाही.

"भाव सांगितलास तर धरून बस की," मी भाजीवालीवर खेकसलो.

"मग वीसच द्या. एक रुपया कमी करणार नाही," ती हसू दाबत म्हणाली.

ती माझी समजूत काढते आहे, हे मला कळत होतं. तरी मी पंधरा म्हणालो.