कॅमेरा उचलणारा पतंग

पतंग म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हटलं, की हवामामांचं टाळकं सटकायचं. खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सदा वर बघत चालणारा पतंगवाला, म्हणून हवामामा. "पोरखेळ? अरे, मासेवाला माझ्या पतंगाला गळ बांधतो आणि होडी जाणार नाही तिथे सोडतो. माझा घारीसारखा पतंग बघून मळ्यावरचे पक्षी पळतात. आणि पलीकडच्या पोस्टमननं निवृत्तीनंतर पतंग धरला, तो डॉक्टरांनी मान वर करायला सांगितली म्हणून!" एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही.

हे सगळे उद्योग चालायचे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. खाली दीड खोलीत चार माणसं; तिथे कागद वाळवायचे कुठे आणि कामट्या ठेवायच्या कुठे? खोलीला परवानगी नव्हती. पण रस्त्यावरून ती दिसत नव्हती, म्हणून नऊ वर्षं कुणी विचारलं नाही.

मग पालिकेच्या एक इंजिनियर बाई आल्या. पाणी तुंबतं, गटारांचा नकाशा करायचाय, वरून फोटो हवेत आणि ड्रोनला परवानगी मिळेना. कॅमेरा उचलून स्थिर राहील असा पतंग होईल का?

झालं! मामांना एवढंच पुरे होतं. सतरा दिवस खपून त्यांनी दारापेक्षा उंच पतंग केला, तोल साधेपर्यंत कन्नीची दोरी सात वेळा सोडून बांधली. मामींनी विचारलं, "अहो, आपली खोली नाही का दिसायची त्यात?"

"गटारं बघणार आहेत त्या. तुझं आपलं काहीतरीच!"

आणि उडवला कुठून, तर आपल्याच गच्चीवरून. का, तर वारा तिथला सरळ! आता याला काय म्हणावं?

तीन महिन्यांनी नोटीस आली: खोली पाडा. सोबत फोटो. फोटोत खोली, आणि तिच्या दारात दोर धरून, वर बघून हसणारे मामा. ते तसेच बाईंकडे धावले. बाई रडवेल्या झाल्या. "मामा, शपथेवर सांगते, मी गटारांसाठीच काढले होते. दुसऱ्या खात्यानं मागून घेतले."

कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यानं वाट दाखवली. "लिहून द्या, पतंग डुगडुगत होता, फोटोतली मापं भरवशाची नाहीत. पतंग तुमचा, तुमच्याइतकं कोण सांगणार?" मामांना दोन दिवस घास उतरला नाही. आयुष्यातला सर्वांत चांगला पतंग, आणि त्यालाच डुगडुग्या म्हणायचं! तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

मामा-मामी अर्ज घेऊन पाडकाम खात्याच्या साहेबांपुढे बसले. साहेबांनी अर्ज वाचला, फोटोवर भिंग धरलं आणि ते हसले. "अहो, पत्र्याचे खिळे मोजता येतायत. डुगडुगत होता म्हणे!" अर्ज फेटाळला. खोली सोमवारी जाणार. मामी उठल्या.

"पण मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले. "नदीपलीकडच्या वस्तीचेही असेच फोटो हवेत आम्हाला. द्याल काढून?"

"सकाळी नऊच्या आत घ्यावे लागतील," मामा म्हणाले, "नंतर तिथला वारा फिरतो."

आपण काय बोललो ते त्यांना बोलून गेल्यावर कळलं. मामी तोवर बाहेर निघून गेल्या होत्या.