पायाला लागलेलं वारं

काटा एकशे दहावर होता. संदीप चालवत होता, त्याच्या शेजारी मी आणि मागच्या सीटवर त्याची आई, शांताताई. काचा बंद होत्या, एसीही बंद होता. तेवढ्यात मागून शांताताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, माझ्या पायाला खालून गार वारं लागायलंय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. संदीपला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो इंजिनाच्या आवाजात रमला होता.

मी मोटार सर्व्हेयर आहे. गाडीचा अपघात झाला की विमा कंपनी मला पाठवते. काय मोडलं, काय वाचलं, गाडी दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही, हे बघून मी रिपोर्ट देतो. परभणीत बसून जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत मोडक्या गाड्या बघत माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे ओळखीपाळखीतलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत ओढतात. गाडीत काही लपवलं असेल तर खिल्लारे साहेबांना दिसेल, असा माझा लौकिक. तो किती खरा होता ते त्या दिवशी कळलं.

संदीप जनावरांचा डॉक्टर. नोकरी राणीसावरगावला, घर पेडगावचं. कॉलेजात असल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गाडी होती, जपानी कंपनीची, बुटकी, पळणारी सेडान. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण यात तिचा काही दोष नव्हता. या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे तिचं इंजिन. आरपीएम, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं तो आकडा. साडेचार हजारांपर्यंत ही गाडी इतर चार गाड्यांसारखीच. त्याच्या पुढे गेली की आवाज बदलतो आणि पाठ सीटला चिकटते. नवी घेण्याची ऐपत ना त्याची होती ना माझी. शिवाय ती आता नवी मिळतही नाही. म्हणून बजेटात बसेल अशी चौदा वर्षांची एक त्याने जिंतूरला शोधून काढली.

जाताना मी त्याला शहाणपण शिकवत गेलो. इंजिन खराब निघालं तर बदलता येतं. गिअरबॉक्स बदलता येतो, सस्पेन्शन बदलता येतं. शेल मात्र बदलता येत नाही. शेल म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, सगळं ज्यावर टांगलेलं असतं तो. जुनी पळणारी गाडी घेताना आधी शेल बघायचं, मग कागद, सगळ्यात शेवटी इंजिन. कारण अशी गाडी कुणीतरी आधी पळवलेली असते. आणि पळवलेली गाडी कुठंतरी आपटलेली असू शकते.

हे सगळं सांगितलं आणि तिथं पोचल्यावर बरोबर उलटं केलं. बालाजीशेठ हा विकणारा. त्याने बोनेट उघडून गाडी सुरू केली. ते इंजिन इतकं सुरेख वाजत होतं की मी तिथंच खुळ्यासारखा उभा राहिलो. दारांच्या फटी सारख्या होत्या. पुढच्या पत्र्याला चुंबक नीट चिकटला, म्हणजे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नव्हती. चेसिस नंबर कागदाशी जुळला. गाडीचा रंग पूर्वी पांढरा होता, आता लाल. पण तो बदलही कागदावर चढवलेला होता. मी म्हणालो, खालची मॅटिंग उचलून फरशी बघू. बालाजीशेठ म्हणाला, नवीकोरी मॅटिंग चिकटवलीय, उपटली तर फाटेल, आधी चक्कर तर मारून या. गाडी उचलून खालून बघावी तर वॉशिंग सेंटरला रांग होती. मागचा काही क्लेम आहे का, हे मला एका फोनवर कळलं असतं. मी तो फोनही केला नाही. माझं मन इंजिनात अडकलं होतं, दुसरं कारण नाही.

शांताताई गाडीत बसल्या त्या चपला काढून. त्यांच्या घरची रीत अशी की नवी गाडी पहिल्यांदा गावच्या विहारासमोर न्यायची, वंदना करायची, आणि तोवर आत चप्पल घालून बसायचं नाही. अजून व्यवहार झालेला नव्हता, पण त्यांच्या मनाने गाडी घेऊन झाली होती. पदराखाली कागदात गुंडाळलेली फुलंही होती. चपला त्यांनी हातात धरल्या आणि अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसल्या. आम्ही चारठाण्याच्या रस्त्याला लागलो.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

फरशीतून वारं येण्याचं कारण एकच. फरशी कुठंतरी उघडी आहे. गंजून भोक पडलं असतं तर वारं सुरुवातीपासून आलं असतं. हे आत्ता, वेग वाढल्यावर सुरू झालं होतं. मागच्या स्पीडब्रेकरवर एक टक् असा आवाज झाला होता तो मला आठवला. त्या वेळी मी तो सस्पेन्शनवर ढकलला होता. आता दोन्हींचा अर्थ लागला. कापून जोडलेली गाडी असते. मागून चेपलेल्या गाडीचा पुढचा अर्धा भाग घ्यायचा, पुढून चेपलेल्या दुसरीचा मागचा अर्धा, आणि मधोमध वेल्डिंग करायचं. वरून लांबी, रंग, मॅटिंग. अशी गाडी फोटोत मी बघितली होती. तीत बसण्याची वेळ आली नव्हती. आमच्या गाडीचा जोड सुटत होता, आणि त्या जोडावर शांताताईंचे पाय होते.

"संदीप," मी म्हणालो, "ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. ब्रेकला हात, पाय, काही लावू नको."

"काय झालं सर?"

"काढ फक्त. स्टिअरिंग सरळ धर."

माझा आवाज ऐकून त्याने पाय काढला. मला भीती ब्रेकची होती. ब्रेक दाबला की सगळं वजन एकदम पुढं येतं आणि ताण थेट जोडावर पडतो. वळवलं तरी तेच. गाडी आपोआप मंदावू द्यायची, एवढाच मार्ग होता. शंभर. नव्वद. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसायला लागला. समोरून ट्रक येत होता. पंच्याऐंशी. एरवी हा वेग काहीच नव्हे. त्या दिवशी तो काटा हलतच नाही असं वाटत होतं. मला घरची आठवण वगैरे काही आली नाही. मला फक्त मागच्या चाकांचा आवाज ऐकू येत होता, आणि तो आपल्या गाडीचा नसून मागून दुसरी गाडी येतेय असं वाटावं इतका वेगळा लागत होता.

"माय, पाय वर घे," संदीप म्हणाला. त्यालाही आता कळलं होतं.

"घेतले रे. तू समोर बघ."

ट्रॅक्टर चाळीस-पन्नास पावलांवर आला तेव्हा आम्ही चाळीसच्या आसपास होतो. ट्रक सूं करून निघून गेला. मी संदीपला डावीकडची मुरमाची साइडपट्टी दाखवली. तिच्यावर त्याने गाडी जवळजवळ इंचाइंचाने उतरवली. पुन्हा एकदा टक् झालं. गाडी थांबली.

मी उतरून शांताताईंचं दार ओढलं. उघडेना. मधून गाडी खाली बसली होती आणि दार चौकटीत अडकलं होतं. मी एक पाय गाडीला लावून ओढलं तरी नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. उजव्या बाजूचं दार संदीपने खांद्याने हिसका देऊन उघडलं आणि आईला जवळजवळ उचलूनच बाहेर घेतलं. त्या रस्त्याच्या कडेला अनवाणी उभ्या राहिल्या. हातात चपला तशाच होत्या.

मी चाकूने मॅटिंग कापली. खाली एका दाराच्या उंबऱ्यापासून दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत वेल्डिंगची ओळ गेली होती. मध्ये बोटभर फट होती आणि फटीतून रस्ता दिसत होता. मला ते अपेक्षितच होतं. त्या ओळीला चिकटून, पुढच्या अंगाला, जे दिसलं ते मात्र अपेक्षित नव्हतं.

तिथं पिवळी रेघ होती. रेघेच्या शेवटी तीन तिरप्या खुणा.

ती माझी रेघ होती. मागून ट्रक धडकलेली गाडी आली की पत्रा कुठपर्यंत चेपलाय ते मी तपासतो आणि जिथं चेपण थांबतं तिथं पिवळ्या ऑइल पेंटने आडवी रेघ मारतो. रेघेच्या मागचं सगळं गेलं, पुढचं शाबूत. म्हणजे फोटोत स्पष्ट दिसतं आणि वर्कशॉपवाल्यांना फसवता येत नाही. तीन तिरप्या खुणा ही माझी सही. सर्व्हेयर मंडळीत या पद्धतीचं कौतुक व्हायचं. मला तिचा अभिमानही होता.

ती पांढरी गाडी मला आठवली. तीन वर्षांपूर्वीची. मी तिला टोटल लॉस दिला होता. म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, मालकाला भरपाई द्या. उरलेला सांगाडा भंगारात जातो. तो सांगाडा नोंदणीचे कागद रद्द करून विकायचा की कागदांसह, याचा रिपोर्टात एक रकाना असतो. कागदांसह गिऱ्हाईक पटकन मिळतं. फाइल लवकर बंद व्हावी म्हणून मी "कागदांसह" लिहिलं होतं. कुणीतरी माझ्या रेघेवर कटर चालवला होता. कुठं कापायचं ते मीच आखून दिलं होतं.

बालाजीशेठला फोन करून बोलावलं. तो आला, फट बघितली, आणि आरडाओरडा न करता त्याने मोबाइलवर एक कागद काढून माझ्यासमोर धरला. माझाच रिपोर्ट.

"सायेब, कागदासकट विकायचं तुमीच लिव्हलं की," तो म्हणाला. "म्या तुमच्या सहीवर घेतली. जोडली कुणी ते मला ठावं न्हाई."

तो खरं बोलत होता की नाही, मला अजून माहीत नाही. मी रिपोर्टातला तो रकाना पुन्हा वाचला. संदीपही माझ्याकडे बघत होता, ते जास्त लागलं. शांताताई मात्र म्हणाल्या, "सायेब भ्याले म्हणून आपुन वाचलो. चला आता."

आम्ही एसटीने परत आलो. दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीला आणि परिवहन कार्यालयाला लिहून दिलं. त्यात माझी चूकही लिहिली. कागद रद्द व्हायला बरेच महिने गेले. गाडीचे गॅस कटरने तुकडे होताना मी जिंतूरला शेडमध्ये उभा होतो. पहिला काप त्यांनी सवयीने रेघेवरच घेतला.

आता मी रेघ मारत नाही. टोटल लॉस दिला की चेसिस नंबरावर रंगाने फुली मारतो आणि रकान्यात "कागद रद्द" लिहितो. फाइल अडकते, कंपनीचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. जुनी गाडी बघायला गेलो की सुरू करायच्या आधी बूट-मोजे काढतो आणि मागच्या सीटवर पाय टेकवून बसतो. विकणारे हसतात. फॉर्ममध्ये या तपासणीला रकाना नाही.

पुढच्या वर्षी संदीपला तीच गाडी दुसरीकडे मिळाली, एका शिक्षकाची, एकहाती वापरलेली. मी तासभर तिच्याखाली पडून होतो. फरशी, उंबरे, डिकी, सगळं उघडं करून बघितलं. मग व्यवहार झाला. शांताताई मागे बसल्या, फुलांची पुडी मांडीवर. गाडी निघताना त्यांनी मला विचारलं, "सायेब, चप्पल घालू का आता?"

मी म्हणालो, पेडगाव येईपर्यंत राहू द्या.