आल्याची किसणी कोणी विकत घेतली?

जानेवारीत ज्या किसणीसाठी दादरचे दुकानदार दिवसातून दोनदा फोन करत होते, ती मे महिन्यात कुणी हातात धरेना. असं का झालं, हे शोधून काढायचं काम माझ्याकडे होतं आणि माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

किसणी तळहाताएवढी, आलं किसायची. जपानमधली एक कंपनी ती बनवायची आणि लोअर परळच्या आमच्या ऑफिसातून ती मुंबईतल्या दुकानांत जायची. ऑफिसात बहुतेक सगळे बाहेरचे. कुणी दिल्लीचा, कुणी चेन्नईचा. गिरगावातला मी एकटाच. "तू लोकल आहेस, तुला इथलं गिऱ्हाईक कळतं," असं म्हणून किसणी माझ्या गळ्यात घातली गेली आणि मीही छाती फुगवून ती घेतली. उभा जन्म ठाकूरद्वारच्या चाळीत काढलेल्या मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

जानेवारीत माल संपला. एकेक बाई डझनाने किसण्या नेत होती. डझनाने का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी हवेत होतो. मी रिपोर्ट लिहिला की मराठी गृहिणी बदलते आहे, वेळ वाचवणारी वस्तू तिला हवी आहे, ती बहिणीला आणि जावेलाही सुचवते आहे. सोबत चढता आलेख जोडला. जपानला तो इतका आवडला की त्यांनी गोदाम भरेल एवढा माल पाठवून दिला. फेब्रुवारीत मागणी थांबली आणि मार्चमध्ये दुकानदार माझे फोन उचलेनासे झाले.

मग मी कारणं शोधत सुटलो. किंमत तीच होती, रंग तेच होते. उन्हाळ्यात लोक आल्याचा चहा कमी पितात, असंही मी एका मीटिंगमध्ये ठोकून दिलं. त्या मीटिंगमध्ये सगळे आल्याचाच चहा पीत बसले होते. खरं सांगायचं तर मला काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि इथला माणूस म्हणून घेतलेल्या मला ते कबूल करायची लाज वाटत होती.

शेवटी जपानहून एक साहेब आले. साठीचे, हळू बोलणारे. माझे तक्ते त्यांनी शांतपणे पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मला कुणीतरी ती वापरताना दाखवा. एखाद्या घरात." हक्काने कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरावं अशी जागा मला एकच माहीत होती. मी त्यांना आमच्या चाळीत घेऊन गेलो.

आधी शेजारच्या काकूंकडे. साहेबांनी न सांगता दारातच बूट काढले, त्यावर काकू खूश झाल्या. किसणी दाखवा म्हटल्यावर त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून एक पिशवी काढली. आत पाच किसण्या होत्या, पाचही खोक्यात बंद.

"ह्यांना हवी तर घेऊन जाऊ दे एक," काकू म्हणाल्या.

"काकू, पाच-पाच कशाला विकत घेतल्यात?"

"विकत कोण घेतंय मेल्या? हळदीकुंकवाच्या आल्यात. यंदा जिच्याकडे जावं तिने हेच वाण लुटलं. मीपण दोन डझन वाटल्या. ह्या पुढच्या वर्षी सरकवीन कुणाला तरी."

पुढच्या घरी चार निघाल्या. त्याही कोऱ्या.

गॅलरीत उभं राहून मी साहेबांना इंग्रजीत समजावलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना घरी बोलावतात, हळदीकुंकू लावतात आणि घरात लागणारी एखादी छोटी वस्तू देतात. ते वाण. साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे जिने विकत घेतली तिने वापरली नाही, आणि जिच्याकडे आहे तिने विकत घेतली नाही." मी मान डोलावली. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण ते हसले. "आमच्याकडेही भेटी अशाच या घरातून त्या घरात फिरतात. आम्हालाही कळायला हवं होतं. नवा रिपोर्ट तुम्हीच लिहा. फक्त या वेळी जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच लिहा."

माझा जीव भांड्यात पडला. पण डोक्यातला गोंधळ काही संपेना. घरोघरी हळदीकुंकू होणाऱ्या चाळीत राहून मला हे दिसलं कसं नाही?

इथवर आलात तर चहा घेऊन जा, म्हणून मी त्यांना आमच्याकडे नेलं. घरात आई आणि मी दोघंच. आईने आधण ठेवलं, ओट्यावरची किसणी घेतली आणि आलं किसायला लागली. किसणीचे दाते झिजायला लागले होते, हिरवा रंग कडेने उडाला होता. साहेब खुर्चीतून उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले. आणि मी, जो गेले तीन-चार महिने याच आल्याचा चहा पिऊन ऑफिसला जात होतो, नुसता बघत राहिलो.

"आई, ही तुला कुणी दिली?"

"दादरला घेतली."

"अगं, पण काकूंकडे तर वाणाच्या पाच पडल्यात."

"बाबा गेल्यापासून मला कोण बोलावतंय हळदीकुंकवाला?" आईने साखर घालता घालता सांगितलं, आवाजात काहीही न आणता. काकू वाईट नाहीत. केलेल्या भाजीतली वाटीभर भाजी रोज आईला आणून देतात. पण बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, सहा संक्रांती आई दार लोटून घरात बसली होती आणि मी मराठी गृहिणीवर रिपोर्ट लिहीत होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ही आईने दुकानातून विकत घेतली, एवढंच मी साहेबांना सांगितलं; बाकी त्यांना काही कळलं नव्हतं. "बाकी सगळ्यांना ती फुकट मिळाली," ते म्हणाले, "मग ह्यांनी विकत का घेतली? विचारा ना."

मी विचारलं. आई जरा ओशाळली.

"सगळ्यांकडे दिसली रे. वाटलं, आपल्याकडेही एक असावी."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी वही उघडली.

"हिरवा रंग आवडला म्हणाली," मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.