लोकरी माव्याचं माहेर

निर्मलाचं माहेर निपाणीच्या पलीकडं आणि सासर कागलजवळच्या एका खेड्यात. मधे राज्याची हद्द होती, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती तिला कधी जाणवली नव्हती. घरात कन्नड, गल्लीत मराठी, असंच चाललेलं. दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात मात्र ती हद्द तिच्या दारात येऊन बसली.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. म्हशींना वैरण नाही म्हणून तिचा धाकटा भाऊ शिवशरण ट्रॉली भरून वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन आला. निर्मलानं कौतुकानं शेजाऱ्यांनाही त्यातलं दिलं. पुढं काही आठवड्यांनी तिच्या उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसली. हात लावला की भुरुभुरु अंगावर पडायची. पानं चिकट झाली, मग काजळी धरावी तशी काळी पडली. असली कीड गावात कुणी पाहिली नव्हती. बघता बघता ती शेजारच्या फडात शिरली, मग ओढ्यापलीकडं गेली.

"ह्यो मावा हितला न्हवंच," शेजारचे गणपतराव सगळ्यांदेखत म्हणाले. "निर्मलाच्या भावाच्या ट्रॉलीतनं आलाय."

झालं. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका येईनात. नळावर ती गेली की बोलणं थांबायचं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. घराबाहेर पडताना ती पदर झटकायची, पुन्हा झटकायची.

एके दिवशी तिचा नवरा सोमशेखर एमआयडीसीत कामाला गेलेला असताना गणपतराव आठ-दहा माणसं घेऊन बांधावर आले. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता.

"वैनी, बाजूला व्हा. पेटवल्याबिगार ह्ये जायचं न्हाय."

  निर्मला वळली आणि सरळ उसात शिरली. लोकर केसांवर, पापण्यांवर पडत होती. आतूनच ओरडली, "पेटवा! मी हितंच हाय!"

 तिनं डोळे गच्च मिटले. रॉकेलचा वास आला तशी मांडी घालून खालीच बसली. शेवटी त्या माणसांतल्या केरबाचा आवाज आला, "आण तो डबा हिकडं. बाईमाणूस आत हाय, दिसत न्हाय व्हय?" माणसं गेली. तरी सोमशेखर येऊन हाका मारेपर्यंत ती बाहेर आली नाही.

पुढं कोल्हापुरातून प्रेरणा मॅडम आल्या. किडींवर संशोधन करायच्या. गावागावातला मावा त्या स्पिरिटच्या बाटल्यांत भरून नेत होत्या. निर्मलाच्या रानातला नेला, तिच्या माहेरचाही नेणार होत्या.

"ह्याचं काय करतासा?" निर्मलानं विचारलं.

"वंश तपासायचा. कुठली कीड कुणाच्या रक्ताची, ते कळतं का बघू."

"म्हंजे माझ्या भावाच्या रानातली असली तर कळंल?"

"कळेल कदाचित."

तेव्हापासून गावात कुठलीही जीप आली की ती हातातलं काम टाकून दारात यायची, मॅडमच आल्या की काय ते बघायला.

उन्हाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मॅडमनी लोकांना बोलावलं. निर्मला दाराशी बसली.

"सगळ्या बाटल्यांतली कीड जवळपास एकच निघाली," मॅडम म्हणाल्या. "हिची मादी नराशिवायच पिल्लं घालते. लेक आईसारखी हुबेहूब, नात लेकीसारखी. त्यामुळं कुठून कुठं गेली, ते सांगता येत नाही."

"मग तिकडनं आली न्हाय, असं बी म्हणता येत न्हाय की," गणपतराव म्हणाले.

"नाही येत."

निर्मलाला वाटलं होतं, आज सुटका तरी होईल नाहीतर शिक्षा तरी. दोन्ही झालं नाही.

मॅडम पुढं म्हणाल्या, "सगळ्या सारख्याच. म्हणून एकीला औषध पचलं, तर तिच्या सगळ्या लेकींना पचणार. फवारे आवरा. मावा खाणाऱ्या अळ्या दिसायला लागल्यात, त्यांना जगू द्या."

निर्मलानं पंप ठेवून दिला. जीव मुठीत धरून ती रोज पानं उलटून बघायची. आधी एक अळी दिसली, मग ठिकठिकाणी दिसू लागल्या. पावसाळा सरता सरता पानं पुन्हा हिरवी झाली.

गणपतराव बांधावर आले. "वैनी, त्या अळ्यांची थोडी पानं द्या की आमच्या फडाला."

तिनं विळा घेतला, पानं कापली, दिली. 

दिवाळीला शिवशरण आला. निर्मलानं त्याला फाटकातच थांबवलं. त्याचा शर्ट झटकला, कॉलर उलटून बघितली, पिशवी रिकामी करून झाडली.

"अक्का, आता तरी इसर की," तो हसत म्हणाला.

तिनं पिशवी पुन्हा उलटी करून झाडली. ते बघून त्याचं हसू गेलं, आणि त्यानं आपणहून चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या.