गेर्बरचा कोलेगा

महाराष्ट्रात वडगावं पैशाला पासरी आहेत. रवींद्रच्या वडिलांनी आडनाव बदलायचं ठरवलं तेव्हा त्यांना नेमकं हेच सोयीचं वाटलं होतं. जुनं आडनाव असं होतं, की ते कानावर पडताच समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि खुर्ची पुढे करणारा हात मागे जायचा. सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या त्या माणसाने हे बरीच वर्षं सोसलं आणि मुलाला शाळेत घालायच्या आत सगळ्या घराला 'वडगावकर' करून टाकलं. गाव खरोखरच वडगाव होतं, त्यामुळे खोटं काही नव्हतं. फक्त कुठलं वडगाव, हे सांगायची सक्ती नव्हती.

रवींद्र शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि तिथून नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला, चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत आला. इथे तरी आडनावाचा ससेमिरा सुटेल असं त्याला वाटलं असेल, तर तो भाबडाच म्हणायचा. मराठी माणूस एक वेळ पासपोर्ट घरी विसरेल, पण समोरच्याला 'मूळचे कुठले' विचारायला विसरणार नाही. मराठी मंडळाच्या पहिल्याच दिवाळीत अध्यक्ष श्यामकांत यांनी त्याला हातातली चकलीसुद्धा धड खाऊ दिली नाही.

"वडगावकर म्हणजे कुठले?"

"पुण्याजवळचं वडगाव," रवींद्र म्हणाला. त्याचं वडगाव सोलापूरकडचं होतं.

"अरे वा, मावळातले. म्हणजे आपल्यातलेच की," श्यामकांत म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आणि रवींद्रने त्यांना अडवलं नाही. त्या गैरसमजावर पाठ टेकायला बरं वाटत होतं. एकदा टेकल्यावर उठवेना.

त्याच्या बायकोला, योगिनीला, हा प्रकार मुळीच आवडत नसे. तिचा स्वभाव सरळ, म्हणजे मंडळाच्या दृष्टीने गैरसोयीचा. "मला कुणी सरळ विचारलं तर मी सरळ सांगणार," असं तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. पण सरळ कोण विचारतं? ती इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, दोन वर्षं खिडकीतून सायकली मोजल्या आणि मग घरातूनच डबे आणि फराळ करून विकायला लागली. तिच्या उकडीच्या मोदकांना पाकळ्या अशा यायच्या की लोक फोटो काढून मगच खायचे. हळूहळू आइंडहोवन-फेल्डहोवनमधल्या निम्म्या मराठी घरांतला गणपतीचा नैवेद्य तिच्याच स्वयंपाकघरातून जाऊ लागला. श्यामकांतांच्या बायकोने, मंजूषाताईंनी, तर एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "योगिनीच्या हाताला सोवळ्यातली चव आहे." घरी आल्यावर योगिनी त्यावर खूप हसली होती. रवींद्र हसला नव्हता.

मग कोरोना आला. ब्राबांट प्रांतात तो कार्निव्हलच्या गर्दीतून आधीच घुसला होता, त्यामुळे मार्चमध्ये सगळीकडे सामसूम झाली. रवींद्र माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसू लागला. आपल्या भिंतीपलीकडे एक माणूस राहतो, हे त्याला तेव्हा नीट जाणवलं.

त्या माणसाचं आडनाव गेर्बर. जन्माने जर्मन, दक्षिणेकडच्या एका लहान गावातला. डच मुलीच्या मागे इथे आला, बसगाड्या दुरुस्त करत आयुष्य काढलं. आता बायको वारलेली, मूलबाळ नाही, वय ऐंशीच्या पुढे. घराबाहेर पडायची त्याला धास्ती. रवींद्र स्वतःच्या सामानाबरोबर त्याचंही सामान आणून दारात ठेवू लागला आणि योगिनी रोज दुपारी कुंपणावरून ताट द्यायला लागली. वरणभातावर लिंबू पिळून म्हातारा असा खायचा, की योगिनीला बघत उभं राहावंसं वाटायचं. त्यांची लहानगी मुलगी भार्गवी त्याला 'ओपा' म्हणायची, म्हणजे आजोबा.

मे महिन्यातल्या एका दुपारी रवींद्रने त्याला तोच प्रश्न विचारला जो आयुष्यभर लोकांनी त्याला विचारला होता. सवयच ती. "गेर्बर म्हणजे काय?"

म्हाताऱ्याला आनंद झाला. "कातडं कमावणारा," तो म्हणाला. "सात पिढ्या आम्ही तेच केलं. वास फार, म्हणून गावाने आम्हाला नदीच्या खालच्या अंगाला हाकललं होतं. धंदा गेला, नाव चिकटलं. आता जर्मनीत बघ, स्वित्झर्लंडमध्ये बघ, हजारोंनी गेर्बर. दाताचे डॉक्टर गेर्बर, वकील गेर्बर, पाद्री गेर्बर. वास कुणालाच येत नाही."

तो आत गेला आणि एक अवजार घेऊन आला. दोन्ही टोकांना लाकडी मुठी, मधे कमानीसारखं वाकलेलं बोथट पातं. पणजोबांचं, म्हणाला, कातड्याचे केस खरवडायचं. रवींद्रने ते हातात घेतलं, आणि हात आपोआप बरोबर बसले. पात्याची कमान पुढे, मुठी पोटाकडे, अंगठे वरून. गावी आजोबांच्या पडवीत असंच एक अवजार खुंटीला असायचं. लहानपणी त्याला हात लावला म्हणून वडिलांनी त्याला बडवलं होतं.

"तुला कसं माहीत?" म्हातारा चकित झाला.

रवींद्रने कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मराठी कुणी नव्हतं. "माझे आजोबाही हेच करायचे," तो म्हणाला. घराबाहेरच्या माणसापुढे हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. आणि आश्चर्य म्हणजे काहीच कोसळलं नाही. म्हाताऱ्याने विचारलं की तुमच्याकडे ओकची साल वापरतात का, रवींद्र म्हणाला की नाही, बाभळीची. दोघं तासभर सालींवर बोलले. त्या दिवसापासून म्हातारा त्याला 'कोलेगा' म्हणू लागला, म्हणजे एकाच धंद्यातला सोबती. रवींद्रला ते इतकं आवडलं की तो सामान ठेवून लगेच परत फिरायचा नाही, हाक ऐकायला थांबायचा.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण माणसाला सुख पचत नाही, त्याला ते चार लोकांना दाखवायचं असतं. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या रविवारी, मंडळाने झूमवर कार्यक्रम ठेवला. विषय होता आडनावांच्या जन्मकथा. लॉकडाउनमध्येही लोक इतके काही रिकामे नव्हते, पण श्यामकांतांना उत्साह. "एखादा परदेशी पाहुणा मिळाला तर रंगत येईल," असं ते म्हणाले आणि रवींद्रने हात वर केला. "माझे शेजारी आहेत ना." अध्यक्षांच्या नजरेत भरायची त्याला घाई झाली होती. योगिनी म्हणाली, "विचार कर." त्याने केला नाही.

बागेतल्या टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला रवींद्र, दीड मीटरवर म्हातारा. तो त्या दिवशी टाय लावून आला होता. त्याने नदीची, वासाची, हाकलून दिल्याची गोष्ट सांगितली आणि अवजार कॅमेऱ्यापुढे धरलं. मंडळी खूश झाली. पडद्यावर टाळ्या उमटल्या. "किती ग्रेट ना, काही लाज नाही, केवढा अभिमान," मंजूषाताई म्हणाल्या. श्यामकांतांनी श्रमप्रतिष्ठेवर दोन मिनिटं घेतली. युरोपकडून आपण हेच शिकायला हवं, असं ते म्हणाले.

म्हाताऱ्याला इतकी शाबासकी बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. त्याला ती एकट्याने घ्यावीशी वाटली नाही. "माझं काय ऐकता, माझ्या कोलेगाला विचारा," तो इंग्रजीत म्हणाला. "त्याच्या आजोबांकडे अगदी असंच अवजार होतं. कातडं कमावणारे आम्ही दोघं, मधे फक्त एक कुंपण."

टाळ्या थांबल्या. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी गोठल्यासारख्या झाल्या, पण नेट चांगलं चालू होतं. कुणी चष्मा पुसला. मंजूषाताईंनी कॅमेरा बंद केला.

योगिनी दारात उभी होती. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. हो म्हणेल. एवढंच तर म्हणायचं होतं, आणि दोन मिनिटांपूर्वी याच लोकांनी यासाठीच टाळ्या वाजवल्या होत्या.

रवींद्र हसला आणि मराठीत म्हणाला, "या आजोबांचं वय झालंय हो. हल्ली डोक्याचं थोडं इकडचं तिकडे होतं त्यांच्या. मी कुठल्यातरी म्युझियमबद्दल सांगत होतो, ते यांनी माझ्यावरच घातलं."

म्हाताऱ्याला मराठीचा गंध नव्हता. आपली ओळख करून देतोय असं समजून तो कॅमेऱ्याकडे बघत मान डोलवत राहिला.

रवींद्रच्या सारवासारवीचा उपयोग शून्य झाला. चौकशी कुणीच केली नाही, कारण चौकशी करायची गरजच नव्हती. कुठलं वडगाव ते सगळ्यांना एका फटक्यात समजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून योगिनीच्या फोनवर मेसेज येऊ लागले, सगळे गोड. या वर्षी घरीच करतोय. डॉक्टर म्हणतात बाहेरचं नको. बाप्पाचं आहे ना, रिस्क नको, कॉन्टॅक्ट टाळू या. पूर्वी शिवायचं नसलं तर लोकांना कारण द्यावं लागायचं किंवा उघड निर्लज्ज व्हावं लागायचं. आता सरकारनेच लांब राहायला सांगितलं होतं. चतुर्थीला मंजूषाताईंनी ग्रुपवर नैवेद्याचा फोटो टाकला. मोदक नीउ-व्हेनेपहून एका बाईंनी पाठवले होते, दीड तासाच्या अंतरावरून. खाली लिहिलं होतं, अगदी घरच्यासारखे. योगिनीने दळून ठेवलेली सगळी पिठी डब्यात भरली आणि डबा वर फळीवर ठेवला. ती रडली नाही, आणि नवऱ्याशीही चार दिवस बोलली नाही.

रवींद्रला राग यायला हवा होता तो श्यामकांतांचा. पण श्यामकांतांवर रागवायला छाती लागते. म्हाताऱ्यावर रागवायला काही लागत नाही. त्याने सामान आणणं बंद केलं. योगिनीला म्हणाला, ताट द्यायचं नाही.

"का?"

"केसेस वाढतायत. घरात लहान मुलगी आहे."

"रवी, हे तू मला सांगतोस?" ती म्हणाली. "आठवडाभर हेच वाचतेय मी फोनवर."

तरी ती गुपचूप ताट देत राहिली, तो ऑनलाइन मीटिंगमध्ये असला की. मग त्याने कुंपणापाशी फळ्या ठोकून घेतल्या. उंच, पलीकडचं काही दिसणार नाही अशा. फळ्यांच्या पलीकडून म्हाताऱ्याने एकदा हाक मारली, "कोलेगा, माझं काही चुकलं का?" रवींद्र खाली वाकून स्क्रू पिळत होता. तो तसाच वाकून राहिला, पलीकडचं दार लागेपर्यंत.

ऑक्टोबरात दुसरी लाट आली. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायला लागला. एका संध्याकाळी बेल वाजली. म्हातारा मास्क लावून फाटकाबाहेर उभा होता, औषधाच्या दुकानात जाऊन येशील का, विचारत होता. रवींद्र दारातूनच म्हणाला की सॉरी, दीड मीटरचा नियम आहे, हल्ली सगळं ॲपवर मागवता येतं. म्हाताऱ्याकडे तसला फोन नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. योगिनीला हे जेवताना समजलं. ती ताटावरून उठली आणि औषध घेऊन गेली, पण तोवर पलीकडे दार उघडायचं त्राण उरलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स तिनेच बोलावली.

म्हातारा नोव्हेंबरात गेला. अंत्यविधीला किती माणसं चालतील याचा नियम होता. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या आणि बहुतेक रिकाम्या होत्या. हजारो गेर्बरांतला एकही आला नाही. कुणाला माहीतच नव्हतं, तर येणार कोण? योगिनी भार्गवीला घेऊन गेली. रवींद्रला मीटिंग होती.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या मेव्हणीची मुलगी घर रिकामं करायला आली. बाहेर भंगाराचा मोठा कंटेनर उभा राहिला. तिने बेल वाजवली तेव्हा रवींद्रनेच दार उघडलं. तिच्या हातात ते अवजार होतं, आणि तिने ते उलटं धरलं होतं, पात्याची कमान स्वतःकडे करून.

"मावसोबा हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाले होते, हे माझ्या शेजाऱ्याला द्या, माझ्या कोलेगाला," ती म्हणाली. "त्याच्या आजोबांचा धंदा तोच होता म्हणे. ते तुम्हीच ना?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मंडळ नव्हतं, श्यामकांत नव्हते, मराठी समजणारं कुणी नव्हतं. रवींद्रचे हात पुढे गेले, ते अवजार सरळ करायला. मग त्याने हात खिशात घातले.

"नाही," तो डचमध्ये म्हणाला. "तुम्ही चुकीच्या घरी आलात."

"सॉरी. हे काय असतं, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही."

ती परत गेली. थोड्या वेळाने कंटेनरमध्ये लोखंड आपटल्याचा आवाज आला. रवींद्रने दार लावलं आणि वळला. योगिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "आत्ता तिथे ऐकायला होतं कोण?"