नसरीनसाठी ठेवलेली गादी

दिग्रसच्या स्टँडवर एसटीच्या टपावर गादी चढवताना कंडक्टर कुरकुरला, "शिकायला चालली का संसार थाटायला?" अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः वर चढून त्यांनी दोरी आवळली आणि खाली उतरून म्हणाले, "बेटा, तिथली गादी कशी असन कोनाले मालूम. आपल्या कापसावर निज." धाकटी नसरीन बस हलेपर्यंत खिडकीचा गज सोडेना. "आपा, मले बी यायचं हाय तिथं."

कृषी विद्यापीठातली ती चार वर्षं मला आजही गोड लागतात, खोटं कशाला बोलू? सर जीव तोडून शिकवायचे. होस्टेलात रीत होती, की जाणाऱ्या मुलीनं आपली गादी आपल्या भागातल्या नव्या मुलीला द्यायची. मी माझी नेरच्या सुनंदाला दिली आणि बजावलं, "नसरीन आली की ही तिची. तोवर तू वापर."

मग घरी आले आणि घरीच बसले. कापसाचे ते फार वाईट दिवस. जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या, कृषी खात्यात नोकरभरती निघत नव्हती, अब्बांकडे गादी भरायला कुणी फिरकत नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या, "इतकं शिकून घरी काहून बसून राह्यली?" त्यांचं तरी काय चुकलं? विद्यापीठ त्यांनी पाहिलंच नव्हतं, मी मात्र रोज समोर दिसत होते. शेवटी पुण्याला आले. इथे दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारते.

नसरीन बारावीला माझ्याहून जास्त मार्क घेऊन पास झाली. अब्बा फोनवर म्हणाले, "एक शिकून परक्या शहरात फोन करून राह्यली. दुसरीले कायले धाडू?" मी भांडले, रडले, विद्यापीठ चांगलं आहे म्हणून परोपरीनं सांगितलं.

"मंग तुले काय भेटलं?"

नसरीनचं लग्न दिग्रसमध्येच झालं. होस्टेल सोडताना सुनंदाचा फोन आला, "आपा, गादी कोणाला देऊ?" जिला लागेल तिला दे, म्हटलं.

आता माजी विद्यार्थी संघातून फोन येतो. माझ्यासारखे तिथून शिकून बाहेर पडलेले असाल तर तुम्हालाही येत असेल. विद्यापीठाबद्दल समाधानी आहात का, इतरांना सुचवाल का, असं एक मुलगी विचारते. मी हो म्हणते. फोन करणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत. पण सुचवू कुणाला? जिला सुचवायचं होतं, तिच्या वाटेत मीच उभी राहिले, नुसती रिकाम्या हातानं परत येऊन.

दिग्रसमध्ये माझं म्हणून आता एवढंच उरलंय, ईदच्या दुपारी माहेरी येऊन माझ्याशेजारी लवंडणारी नसरीन. ती दरवेळी तेच विचारते.

"आपा, होस्टेलच्या खोलीत तुही गादी कुठं होती?"

"दाराजवळ."

"म्या खिडकीजोळ टाकली असती," ती म्हणते.